इंजिनाच्या डाव्या गालावर

दादाचा तेरावा उरकून पाहुणे आपापल्या गावाला पांगले होते. वहिनी आतल्या खोलीत जरा आडव्या झाल्या होत्या आणि मी मागच्या दारी पातेली घासत बसले होते, तेवढ्यात दादाचा फोन वाजला. म्हणजे दादाच्या खिशात असायचा तो फोन. वहिनी तो अजून रोज चार्जिंगला लावत होत्या. का, ते मी विचारलं नव्हतं. ओल्या हातानंच उचलला, तर पलीकडून उत्साहानं फुललेला आवाज, "सर, आनंदाची बातमी! आपलं इंजिन आलं! बंदरात उतरलंय, पंधरवड्यात तुमच्या हातात." पुण्याचे खेळण्यातल्या आगगाड्यांचे दुकानदार, देवधर. 'खेळण्यातल्या' म्हटलेलं दादाला चालायचं नाही. तो 'मॉडेल' म्हणायचा आणि खेळणं म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारायचा नाही. मी म्हटलं, "सर गेले." तो गृहस्थ चाचरत म्हणाला, "अरेरे... मग मॅडम, ऑर्डर रद्द करायची का?" त्यानंतर मी काय काय बोलले ते या पुरवणीत छापता येणार नाही. एवढंच सांगते की शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई हातातलं काम टाकून कठड्याशी येऊन उभी राहिली.

मला राग आलेला आहे, तो अजून गेलेला नाही, आणि तो पदराखाली झाकून गोड लिहिणं मला जमणार नाही. संपादक म्हणाले, "ताई, छंद जोपासणाऱ्या भावाविषयी काहीतरी हळवं लिहा." भेटायला आलेली माणसंही तेच सूर लावत होती. शेवटपर्यंत लहान मूल होता हो तुमचा सुधाकर! लहान मूल? ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवताना ताळेबंद जुळला नाही तर आख्ख्या वर्गाला पुन्हा पहिल्या ओळीपासून करायला लावणारा माणूस तो. धाराशिवच्या बाजारात अगदी परवापरवापर्यंत पोट सुटलेले, टक्कल पडलेले व्यापारी त्याला बघून रस्ता बदलायचे. आणि एक शहाणे तर म्हणाले, "साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढला आणि साखरेनंच नेला बघा." आपल्याच विनोदावर ते हसलेसुद्धा. त्यांना मी चहा दिला, बिनसाखरेचा.

वसाहत ढोकीची. वडील तिथल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. गाळपाच्या दिवसांत सगळ्या वसाहतीला मळीचा वास यायचा, तो आम्हाला वास वाटायचाच नाही, पाहुणे आले की त्यांच्या नाकावरच्या रुमालामुळं कळायचं. वसाहतीतून चालत गेलं की ढोकीचं स्टेशन, आणि तिथून जाणारी छोटी लाईन. कुर्डुवाडीहून बार्शी, पांगरी, येडशी करत ढोकीला आणि पुढं लातूरला. ही गाडी इतकी सावकाश जायची की माणसं घाटात उतरून, करवंदं खाऊन परत चढायची, असं आमच्याकडं जो तो सांगतो. दादा हे ऐकलं की भडकायचा. "उतरलेला एक माणूस दाखव मला. एक! सगळ्यांनी दुसऱ्याला उतरताना बघितलंय." गाडीविषयी कुणी लाडिक बोललेलं त्याला सहन व्हायचं नाही. ती गाडी होती, माणसं न्यायची आणि आणायची, एवढं त्याच्या लेखी पुरेसं होतं.

त्या गाडीनं आमच्या आईला नेलं. तिला बरं नव्हतं म्हणून वडील तिला घेऊन बार्शीच्या दवाखान्यात गेले, आणि परत आले ते एकटे. दादा तेव्हा चौथीत असेल. मी चालत-बोलत होते, पण डोक्यात काही राहावं एवढी मोठी नव्हते. पुढं आत्यानं आम्हाला वाढवलं. घरात आईचा एक फोटो होता, स्टुडिओत काढलेला, खांदे आखडून बसलेली, डोळे वटारलेली एक बाई. ती मला कधी आई वाटली नाही. दसऱ्या-दिवाळीला तिला हार घालायचे तेव्हा मी परक्या बाईला घातल्यासारखा घालायचे. सगळ्यांकडं आईचं काही ना काही होतं. आत्याकडं तिच्या हातच्या धपाट्यांची चव होती, वडिलांकडं ती गेल्यावरचा त्यांचा अबोला होता. दादाकडं तर आख्खी आई होती, आठ-नऊ वर्षं मिळालेली. माझ्याकडं काहीच नाही. किती वेळा त्याच्या मागं लागले असेन... "दादा, आई कशी होती रे?" तो म्हणायचा, "आईसारखी." बस. इंजिनाविषयी विचारलं की तासभर बोलणारा हा माणूस आईचं नाव काढलं की उठून चपला घालायचा. याचा मला लहानपणी राग होता, लग्न झाल्यावर होता, नातवंडं झाल्यावरही होता. तो गेल्यामुळं तो माफ झाला असं काही नाही.

धाराशिवला त्यानं घर बांधलं, ते वहिनींच्या भाषेत 'माडीवरच्या खोलीसाठी खाली घर बांधलं'. त्या खोलीत भिंतीला लावून चारी बाजूंनी फळ्या, आणि फळ्यांवर ढोकी. स्टेशन, सिग्नल, पाण्याची टाकी, कडुलिंब, उसाच्या गाड्या, लांब कोपऱ्यात कारखान्याचं धुराडं. सगळं हातानं केलेलं. पत्र्याचे डबे कापून डबे, म्हणजे तेलाचे डबे कापून गाडीचे डबे. झाडू मोडून ऊस. वहिनींचे खराटे आणि चाळण्या एकेक करून माडीवर जायच्या आणि ढोकी व्हायच्या. स्टेशनच्या समोर, जिथं गाडी वळणावरून फलाटाला लागते तिथं, त्यानं माझ्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं. कसलं स्टूल, पाटाला पाय फुटलेले. मी कधीही गेले की, "छबे, तिथं बस." त्यावर बसलं की माझी हनुवटी फलाटाला लागायची. तरुण होते तोवर चाललं. पुढं गुडघ्यांनी दगा दिल्यावर मी कटकट करायचे, "पाहुण्याला खुर्ची द्यावी, एवढी रीत आहे का नाही या घरात?" पण खुर्ची तो देत नव्हता. इतर कुणीही आलं तर त्याला खुर्ची. मलाच तेवढा तो पाट.

इंजिन मात्र त्याला काही केल्या जमलं नाही. बाकी सगळी ढोकी हुबेहूब, आणि इंजिन म्हणजे काळ्या साबणदाणीचा प्रकार. पहिल्यांदा तयार झालं तेव्हा त्यानं आम्हा सगळ्यांना बोलावलं, वडीलही होते तेव्हा. बटण फिरवलं. इंजिन निघालं, वळणावर आलं, रूळ सोडून सरळ पुढं गेलं आणि फळीवरून वडिलांच्या मांडीवर पडलं. वडिलांनी ते उचलून, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "लातूर आलं का?" आम्ही हसून हसून लोळलो. दादा हसला नाही. पुढं त्यानं कितीतरी इंजिनं केली. कुणी वळणावर पडायचं, कुणी चढाला मान टाकायचं, कुणी नुसतंच गरम व्हायचं. विकतची इंजिनं मिळतात हे त्याला ठाऊक होतं, 'रेडी टू रन' म्हणतात त्यांना. डब्यातून काढायचं, रुळावर ठेवायचं, पळवायचं. दादा त्यांच्याविषयी असा बोलायचा जसं आत्या हॉटेलातल्या भाकरीविषयी बोलायची. शिवाय आमच्या छोट्या लाईनीचं इंजिन कुणी करतच नव्हतं. मोठमोठ्या देशांतल्या मोठमोठ्या गाड्यांची इंजिनं मिळायची. ढोकीचं कोण करणार?

मध्यंतरी खरी छोटी लाईन गेली, मोठी आली, धाराशिवला प्रथमच रेल्वेचं तोंड दिसलं. लोकांनी दादाकडून अश्रूंची अपेक्षा केली. कुणीतरी त्याची मुलाखत घ्यायलाही आलं होतं. तो म्हणाला, "बरं झालं की. आजारी माणूस लवकर पोचंल." आणि उठून चपला घातल्या.

मग डोळे. साखरेचा आजार वडिलांकडून आला होता आणि पथ्य त्यानं वहिनींच्या तोंडावर फेकलं होतं. डबीतून पेढा, खिशातून गूळ, वर "मी काय लहान हाय का?" सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतून रक्त उतरल्याचं सांगितलं, लेझर केलं, परत केलं. एका डोळ्याचा पडदा कायमचा पडला, दुसरा उतरणीला लागला. आता पत्रा कापताना बोट कापलं जायला लागलं. वहिनींनी कातरी लपवली. त्याच सुमारास देवधरांचा फोन आला की बाहेरच्या देशातली एक लहानशी कंपनी आमच्या छोट्या लाईनीचं इंजिन काढतेय. तेच. काळं, बुटकं, पुढं दिवा लटकवलेलं. रेडी टू रन! आणि हॉटेलातल्या भाकरीला नाकं मुरडणारा माझा भाऊ त्या दिवशी मला फोनवर म्हणाला, "छबे... येणार हाय." इतकंच. कोण येणार आहे हे विचारायला लागलं नाही.

त्यानंतर सुरू झालं वाट बघणं. यंदाच्या दिवाळीत येणार, म्हणून सांगितलं. मग कारखान्यात काम अडकलं. मग उन्हाळ्यात येणार. मग जहाज उशिरा. मग कंपनीनं मोटारच बदलायची ठरवली. प्रत्येक वेळी देवधर "सर, थोडा धीर" म्हणायचे आणि मी इकडं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. बाहेर देशात बसलेल्या त्या माणसांना काय ठाऊक की इथं एका माणसाचा डोळा रोज थोडा थोडा विझतोय? दादा मात्र शांत. सकाळी चहा झाला की माडीवर जायचा आणि स्पिरिटात भिजवलेल्या फडक्यानं सगळे रूळ पुसायचा. वडिलांच्या जुन्या धोतराचं फडकं. रुळावर धूळ बसली की वीज चाकांपर्यंत पोचत नाही, इंजिन अडखळतं, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, "इंजिनाचा पत्ता न्हाय अन् रूळ कशाला पुसायलास रोज?" तर म्हणाला, "आल्यावर पुसत बसू का?"

कंपनीला त्या इंजिनाचे जुने फोटो हवे होते. दादानं वडिलांच्या पेटीतला एक पाठवला, दसऱ्याचा. आमच्याकडं दसऱ्याला इंजिन सजवून यायचं, झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, उसाची वाढी बांधलेली. फोटोत माळांमुळं इंजिनाचं तोंडसुद्धा धड दिसत नव्हतं. पण कंपनीला ते आवडलं आणि त्यांनी ठरवलं, साध्याबरोबर थोडी इंजिनं दसऱ्याची काढू. फुलं वगैरे नाहीत, फक्त तोंडावर कुंकू छापलेलं. दादानंच फोनवरून देवधरांना तसं सुचवलं होतं म्हणे. मला गंमत वाटली. अकाउंट्सचा मास्तर आणि कुंकू! कधी देवापुढं हात जोडलेला मी त्याला पाहिला नव्हता.

नमुना तयार झाला तेव्हा मी तिथंच होते. देवधरांनी माझ्या मोबाइलवर त्याचे फोटो पाठवले, कारण दादाला आता मोबाइलवरचं काही दिसायचं नाही. उजेडाला धरलं तर माणसाची बाहेरची रेघ कळायची, एवढंच. देवधर फोनवर होते. इंजिन काय सुंदर केलं होतं! चिमणी, दिवा, खिळान् खिळा. मी दादाला सगळं वर्णन करून सांगितलं. तो मान हलवत होता. मग म्हणाला, "छबे, कुंकू कुठं हाय बघ."

"मधोमध. गोल. लई सुरेख दिसायलंय, नवरीवानी."

"मधोमध?" मग फोनकडं तोंड करून म्हणाला, "देवधर, चुकलंय. मधी न्हाय. इंजिनाच्या डाव्या अंगाला, खाली. गालावर म्हणा. अन् गोल न्हाय. बोट टेकवलं अन् खाली घसरलं, तसं."

देवधर म्हणाले, "सर, हा नमुना पास केलात तर माल लगेच निघतो. बदल करायचा म्हणजे छपाईचा साचा नवा, कारखान्यात परत रांग... किती लांबेल कंपनीलाही सांगता येणार नाही. साधं इंजिन घेता का? त्याला कुंकूच नाही, ते तयार आहे."

"न्हाय. थांबतो."

माझा तोल गेला. मी फोन काढून घेतला, देवधरांना म्हटलं थांबा जरा, आणि दादाला म्हटलं, "अरे, कुंकवाचा ठिपका तो! इकडं असला काय अन् तिकडं असला काय!"

"तिकडं न्हवता."

"तुझा डोळा थांबणार हाय का तवर? इतकी वर्षं वाट बघितलीस, आता दाराशी आलंय अन् तू परत धाडतोस? कशासाठी? कोण बघणार हाय ते कुंकू?"

तो म्हणाला, "बोंबलू नकोस. बरोबर व्हायला पाहिजे." आणि फोनसाठी हात पुढं केला. भलतीकडंच, कारण मी कुठं उभी आहे ते त्याला दिसत नव्हतं. त्या चाचपडणाऱ्या हातात मी फोन आपटला आणि चहा न घेता निघून आले. चहा टाकून आले याचं मला वाईट वाटतं असं कुणी समजू नये. माझं बरोबरच होतं. एका ठिपक्यासाठी त्यानं उरलासुरला उजेड घालवला, हे मी आजही म्हणते.

शेवटची भेट त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. मध्ये आम्ही बोलत होतो, भांडण काही धरून ठेवलं नव्हतं, पण इंजिनाचा विषय मी काढत नव्हते. माडीवर गेले तर तो हातानं चाचपत रूळ पुसत होता. एका हाताचं बोट रुळावर, मागून दुसऱ्या हातात फडकं. वळणावर आला की बोटांनी अंदाज घेऊन अंग वळवायचा. आता त्याला काहीच दिसत नव्हतं, आणि खोली मात्र इतकी लखलखीत. मी आल्याची चाहूल लागली तसा म्हणाला, "छबे, बस स्टुलावर."

"माझे गुडघे गेलेत दादा, खुर्चीवर बसते."

"खुर्चीवरनं दिसत न्हाय."

"काय दिसत न्हाय? हाय काय तिथं बघायला?"

"येईल," तो म्हणाला आणि पुसत राहिला. मी बसले त्या पाटावर, काय करणार? गुडघे कुरकुरले. समोर रिकामा फलाट, रिकामे रूळ. थोड्या दिवसांनी सकाळी वहिनींचा फोन आला. अंघोळीला गेला तो न्हाणीतच कोसळला होता, दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

खोकं आलं ते असं. मी देवधरांना ऑर्डर रद्द करू दिली नव्हती. वहिनी आणि मी ते माडीवर नेऊन उघडलं. तळहातावर मावेल एवढं इंजिन, हाताला मात्र जड. मी ते खिडकीपाशी उजेडाला धरलं. तोंड कोरं काळं. आणि डाव्या गालावर, अगदी खाली, तोंडावरच्या गोल दाराच्या बिजागरीच्याही खाली, लालसर फराटा. वर जरा रुंद, खाली ओढत गेलेला, टोकाशी विरलेला. टिकली म्हणावी तर टिकली नाही, डाग म्हणावा तर डाग नाही. माझं डोकं फिरलं. "हे बघा वहिनी, हे! यासाठी थांबला तुमचा नवरा! यासाठी! चांगलं मधोमध होतं, ते असं फिसकटून आणलंय..." मी बरंच काही बोलले असणार. वहिनी ऐकत उभ्या होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "छबूताई, ते सासूबाईंचं बोट हाय."

मला कळलंच नाही.

वहिनींनी सांगितलं ते तुटक तुटक, डोळे पुसत. आमच्या आईचं माहेर पांगरीचं, छोट्या लाईनीवरचं. दसऱ्याला इंजिन सजून आलं की वसाहतीतली माणसं हार घालायची, नारळ फोडायची. आई ताट घेऊन जायची. म्हणायची, माझ्या माहेरावरनं येतंय ते, त्याला कुंकवाबिगर कसं सोडायचं? भाऊ आल्यासारखं ती इंजिनाला कुंकू लावायची. पण आई बुटकी. मध्यापर्यंत हात पोचायचा नाही, फलाटाच्या बाजूनं, खालून जेमतेम गालाला लागायचा. आणि इंजिनाचं तोंड तापलेलं. बोट टेकलं की चटका बसायचा, बोट खाली निसटायचं. "मग भाजलेलं बोट तोंडात घालून हसायच्या म्हणं," वहिनी म्हणाल्या. "दरसाल भाजायचं अन् दरसाल हसायच्या. अन् तुम्ही असायच्या, त्यांचा पदर धरून, खाली उभ्या. तुम्ही बघितलेलं हाय ते. हे म्हणायचे, छबी विसरली, पण तिनं बघितलंय."

"तुम्हाला कधी सांगितलं त्यानं?"

"डोळे गेल्यावर. नुसतं सांगितलं तर ती ऐकंल, तिला दिसणार न्हाय, म्हणायचे. गाडी आली की तिला स्टुलावर बसवायचं, मग सांगायचं. मला शपथ घातली होती ताई. अन् यांना कुठं दिसणार होतं काही... यांना ठाऊकच होतं की ते."

मी इंजिनाच्या गालावरून बोट फिरवलं. गुळगुळीत. छपाई ती, हाताला काही लागत नाही. म्हणजे इंजिन वेळेवर आलं असतं तरी दादाला ते कुंकू दिसलं नसतं आणि चाचपूनही कळलं नसतं. हे सगळं त्यानं आधीच धरलेलं होतं. आणि मला विचारलं का? तू मला विचारलंस का रे, की छबे, तुला आईचं बोट पाहिजे का मी पाहिजे? पेढे खाताना विचारलंस? जन्मभर 'आईसारखी' एवढा एक शब्द तोंडावर फेकलास, आणि शेवटी काय, तर एक फराटा, तोही परदेशातून छापून! तिकडच्या कुठल्या कुठल्या माणसांच्या टेबलांवर आता माझ्या आईचं भाजलेलं बोट गरागरा फिरतंय. त्यांना तो कंपनीचा रंग वाटत असेल. आणि मला... मला ते कळायला वहिनींचे डोळे पुसून व्हायची वाट बघावी लागली. अकाउंट्सचा मास्तर म्हणे. हा ताळेबंद जुळत नाही दादा. पुन्हा पहिल्या ओळीपासून कर.

इंजिन रुळावर ठेवलं. वहिनींनी बटण फिरवलं. डबा उघडला की पळणारं इंजिन ते, पण हातभर गेलं आणि अडखळून उभं राहिलं. मोटार चांगली होती. रुळांवर धूळ होती, तो गेल्यापासून माडीवर कुणी फिरकलंच नव्हतं. फडकं खिळ्याला तसंच अडकवलेलं होतं, वाळून कडक झालेलं. मी ते स्पिरिटात भिजवलं आणि रूळ पुसायला घेतले. एक बोट रुळावर, मागून फडकं. येडशीकडचा चढ, टाकी, धुराड्यामागचा भाग, वळण. बराच वेळ लागला. हे तो रोज करायचा. डोळे होते तेव्हा आणि नव्हते तेव्हाही.

मग मी त्या पाटावर बसले. हनुवटी फलाटाला लागली. पदर धरून उभ्या असलेल्या पोरीची उंची तेवढीच असणार... वहिनींनी बटण फिरवलं. इंजिन धुराड्यामागून निघालं, टाकीपाशी आलं, वळणावर पडेल म्हणून माझे हात आपोआप पुढं गेले. पण ते पडलं नाही. वळून, थेट माझ्या डोळ्यांच्या रेषेत, सावकाश फलाटाला लागायला आलं, आणि डावा गाल माझ्याकडं झाला.

खाली, बुटक्या बाईचा हात पोचेल तिथं, कुंकू. चटका बसून निसटलेलं. हसू आलं असणार तिला तेव्हा.

दिसली रे दादा. आई दिसली मला. आता तू कुठं उलथलास?